तीच आणि तशीच

जे घडले त्यात माझा वाटा किती, ते आधी सांगते. मी माझ्या पाठीवर दुसरीचे नाव वागवले, सात महिने वागवले. आणि ज्या बाईने त्या नावावर विश्वास ठेवला, तिला निसरड्या चढावर अर्ध्यात सोडून मी मागे घसरले. ते नाव मी मागितले नव्हते, मला चिकटवण्यात आले होते. तरी मिरवले मीच. मी एक जपानी बनावटीची राखाडी मोटारगाडी बोलते आहे.

आम्ही तिघी बहिणी एकाच साच्यातून निघालो. सांगाडा एक, दिवे एक, दार मिटतानाचा आवाजसुद्धा एक. थोरलीच्या पोटाखालून मागच्या आसापर्यंत एक लांब दांडा जातो, म्हणून तिची चारही चाके जोर लावतात. मधलीच्या खिडक्यांना चकाकती पट्टी असते आणि तिची आसने मऊ असतात. मी धाकटी. माझी पुढची दोन चाके ओढतात, मागची दोन नुसती सोबत येतात. यात कमीपणा काही नाही. सपाट रस्त्यावर मी थोरलीपेक्षा हलकी धावते आणि पेट्रोलही कमी पिते.

आम्हांला वेगवेगळे ओळखण्याच्या जागा दोन. एक पाठीवरचे धातूचे नाव, दुसरी बॉनेटखालचा बोटभर पत्रा. नाव चिकटवलेले असते. पत्र्यावरची अक्षरे ठोकून उमटवलेली असतात. माणसे मात्र पाठ वाचतात आणि समाधानाने पुढे होतात.

जन्मभूमीत नऊ वर्षे मी एका दंतवैद्याच्या घरी होते. दवाखाना, बाजार आणि परत घर, एवढाच माझा प्रवास. त्यांची दृष्टी अधू झाली, तशी मी लिलावात गेले, बोटीत चढले आणि एका परक्या बंदरावर उतरले. तेथून मला जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात आणून उभे केले. तेथे मी आठ महिने उन्हात होते. गिऱ्हाईक येई, दार उघडून बघे, ‘साधीच दिसते’ म्हणून निघून जाई. साधी होतेच मी. त्याचे वाईट वाटण्यासारखे काय होते?

आवाराचा मालक हसरा, गोडबोल्या माणूस. तो स्वतः वापरत असे माझी थोरली बहीण, पांढरीशुभ्र. ती फाटकातून आत शिरे तेव्हा मी तिला ओळखी; तिने मला कधी ओळख दिली नाही.

एके दिवशी त्याची वहिनी आणि थोरला भाऊ आवारात आले. वहिनी व्यवसायाने परिचारिका, बाळंतपणे करणारी. सगळे तिला सिस्टर म्हणत. मीही तसेच म्हणते. भाऊ सर्वेक्षण कार्यालयात नकाशे काढण्याच्या कामावर होता.

“भाऊजी, मला तुमच्या पांढऱ्या गाडीसारखी हवी,” सिस्टर म्हणाल्या. “चारही चाकं ओढणारी. वरच्या वस्तीचा चढ तुम्ही पाहिलाय.”

“पांढरी सोडून काहीही मागा, वहिनी. ती माझा जीव आहे.”

“तुमचा जीव ठेवा तुमच्यापाशी. मला तीच दुसरी आणून द्या.”

“बोटीनं यायला चार महिने लागतील.”

“चार महिने नाहीत माझ्याकडे. डॉक्टरांनी वर दवाखान्याची खोली उघडून दिली आहे ती एकाच अटीवर. मंगळवार आणि शुक्रवार, मी पोहोचलंच पाहिजे. दोनदा चुकले की खोलीला कुलूप. मग वस्तीतल्या बायांनी कुठं जायचं?”

एवढे सांगून त्या डॉक्टरांना फोन करायला कचेरीत गेल्या. दोघे भाऊ माझ्या बॉनेटला टेकून उभे राहिले. जे बोलणे मी ऐकले, ते मला आजही विसरता येत नाही.

“दादा, ही राखाडी आठ महिने इथं ऊन खातेय. घेऊन टाका की.”

“हिची मागची चाकं फिरतात ना रे?”

“फिरतात की. सगळ्याच गाड्यांची फिरतात.”

दादा हसले. हसू ओसरल्यावर म्हणाले, “तिला चालायचं नाही हे.”

“त्यांना कळायला कशाला हवं? आणि वर जाणार तरी किती दिवस?”

“दोन महिने. फार तर तीन. खूळ आहे, उतरेल. मग हिंडेल इथल्या सपाट रस्त्यावर.”

“मग झालं तर.”

ज्या चढाविषयी हे बोलणे चालले होते, त्याचा नकाशा दादांनी स्वतःच्या हाताने काढलेला होता. कोणत्या वळणावर जमीन किती चढते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

त्याच आठवड्यात माझ्या पाठीवर गरम हवेचा झोत सोडण्यात आला. डिंक सैल झाल्यावर बारीक दोरी करवतीसारखी चालवून माझे नाव उपटून काढले, आणि थोरलीचे नाव, दोन अक्षरांनी लांब, तेथे दाबून बसवले. माझे नाव हात पुसलेल्या चिंधीबरोबर कचऱ्यात गेले.

सिस्टर पुन्हा आल्या. त्यांनी माझ्याभोवती सावकाश फेरी मारली आणि पाठीवरचे नाव बोट ठेवून वाचले.

“तीच आहे ना, भाऊजी?”

“तशीच आहे, वहिनी. अगदी तशीच. डोळे मिटून घ्या.”

“चार चाकांचं बटण कुठं आहे?”

“बटण नसतंच यांना. गरज पडली की आपोआप होतं.”

विचारले होते ‘तीच’. उत्तर आले ‘तशीच’. त्या शब्दात मध्येच एक ‘शी’ शिरली होती, पण कोणाच्या नाकाला वास आला नाही. सिस्टर घाईत होत्या. आणि घरच्या माणसाचा शब्द कोणी तपासायला घेत नाही. दादा शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “रंग छान आहे.”

त्यानंतरचे सात महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. पावसाळा नुकताच संपला होता, चढ कोरडा खडखडीत होता, आणि कोरड्या चढावर माझी दोन चाके पुरत होती. मंगळवार नाही, शुक्रवार नाही, एकही वार चुकला नाही. मागच्या आसनावर औषधांची पेटी, वजनकाटा आणि धुतलेल्या कपड्यांचे बोचके. येताना कधी एखादी अवघडलेली बाई, तिची सासू आणि सासूचे न संपणारे सल्ले.

मी सुरू झाले की माझ्या आतून एका बाईचा आवाज जपानी भाषेत एक वाक्य बोले. ते कोणालाच कळत नसे. सिस्टर किल्ली फिरवत, वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबत आणि म्हणत, “हो बाई, निघू या.” एकदाही त्या उत्तर द्यायला विसरल्या नाहीत.

तेल वेळेवर बदलणे, चाकांतली हवा पाहणे, पाण्याची टाकी भरणे, सगळे त्या स्वतः जातीने करत. दर रविवारी जुन्या टूथब्रशने माझ्या पाठीवरच्या नावाची अक्षरे घासत, अगदी कानाकोपऱ्यासकट. मला तेव्हा काय वाटे, ते सांगणे कठीण आहे. माया माझ्यावर होती, हात माझ्या अंगावर होता आणि नाव दुसरीचे होते.

मग पाऊस आला आणि चढाने पुन्हा ओल धरली. एका मंगळवारी सकाळी वरून निरोप आला: पहिलटकरीण आहे, कळा सुरू झाल्या आहेत. तिसऱ्या वळणावर तांबडी माती लोण्यासारखी झाली होती. माझी पुढची चाके गरगरा फिरू लागली. सिस्टरांनी वेग कमी केला, पुन्हा दिला.

“होईल आता आपोआप,” त्या स्वतःशी म्हणाल्या.

आपोआप काहीच झाले नाही. माझी मागची चाके पाहुण्यांसारखी बसून राहिली. मी आधी हातभर, मग दहा हात मागे घसरले आणि नालीत कलंडून थांबले. सिस्टर खाली उतरल्या, पेटी डोक्यावर घेतली आणि चिखलातून चालत निघाल्या. वर पोहोचायला त्यांना सव्वा तास लागला. मूल त्याआधीच शेजारणीच्या हातात जन्मले होते. ते सुखरूप होते. आई मात्र रक्तस्रावाने पांढरीफटक पडली होती. तिला ट्रॅक्टरमधून खाली मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले. ती वाचली. डॉक्टर सिस्टरांना एवढेच म्हणाले, “एकदा चुकलं. आता एकदाच उरलं.”

मला ओढून पुलाजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे आणले. उमेदीत त्यांनी बोटीवर काम केले होते आणि जपानच्या बंदरात दोन वर्षे काढली होती. त्यांनी मला उचलणीवर चढवले, खालून एकदा पाहिले आणि हात पुसले.

“सिस्टर, गाडी कुणाकडून घेतली?”

“माझ्या दिराकडून.”

“हं. जरा इकडं या. वाकून बघा. काय दिसतं?”

“काहीच दिसत नाही.”

“तेच दाखवतोय. इथं दांडा हवा होता.”

“पडला असेल?”

“दांडा पडला तर गाव जागं होतं. हिला तो जन्मापासूनच नाही.”

त्यांनी बॉनेट उघडून पत्रा दाखवला, कोणत्या अक्षराचा अर्थ काय ते समजावून सांगितले. मग ते पाठीमागे आले आणि तिरक्या उजेडात डोळे बारीक करून पाहू लागले. थोरलीच्या नावाच्या अक्षरांमधून, राखाडी रंगातच, एक आखूड सावली उमटली होती. तेथे माझे नाव नऊ वर्षे होते. त्याखालचा रंग उन्हाने विटला नव्हता. इतके दिवस तो मळाने झाकला होता. सिस्टरांच्या ब्रशने तो उघडा पडला.

“काय घासलंय हो तुम्ही. खोट्या दाताला एवढं कोणी जपत नाही.”

मिस्त्रींनी चाचणीसाठी किल्ली फिरवली आणि माझ्या आतली बाई आपले वाक्य बोलली.

“ही काय म्हणते, ते तुम्हाला कळतं का?” सिस्टरांनी विचारले.

“कळतं की. म्हणते, कार्ड घातलेलं नाही. तिकडच्या रस्त्यांवर पैसे भरायचं कार्ड असतं ते.”

“मला वाटायचं, सांभाळून जा म्हणत असेल,” सिस्टर म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ माझ्या दारावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

शुक्रवारी सिस्टर पहाटेच निघून पायी वर गेल्या. रविवारी दुपारी सगळे सिस्टरांच्या घरी जेवणाच्या टेबलाशी जमले: सिस्टर, दादा, धाकटा दीर आणि सासूबाई. मी उघड्या खिडकीखाली उभी होते. माझ्या शेजारी पांढरी.

“भाऊजी, मी तुम्हाला काय विचारलं होतं?”

“वहिनी, राग मानू नका, पण मी ‘तीच’ कधी म्हणालो? ‘तशीच’ म्हणालो. आठवून बघा.”

सासूबाईंनी चाळीस वर्षे शिवणकामाचे दुकान चालवले होते. त्यांनी मान वर केली. “तसंच कापड म्हणून दुसरं मी एकाही गिऱ्हाइकाच्या अंगावर घातलं नाही. हे तू कुठं शिकलास रे? किल्ली ठेव टेबलावर.”

“आई, ती माझी गाडी आहे.”

“माहीत आहे. तीच हवी आहे तिला.”

सिस्टर दादांकडे वळल्या. “तुम्हाला ठाऊक होतं?”

दादांनी टेबलावरच्या मीठदाणीची जागा बदलली. पुन्हा होती तेथे ठेवली.

“मला वाटलं, दोन महिन्यांत कंटाळशील.”

“नाही कंटाळले. ते दिसलं ना तुम्हाला? मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तोपर्यंत उशीर झाला होता.”

“उशीर तिसऱ्या वळणावर झाला. सव्वा तासाचा.”

अखेर ठरले ते असे. येत्या मंगळवारपासून पांढरी सिस्टरांकडे राहील. मी आवारात परत जाईन. माझ्या पाठीवरचे खोटे नाव आजच निघेल. माझ्या काचेवर मी कोण आहे, हे मिस्त्री स्वतःच्या अक्षरांत लिहितील. आणि आवारातल्या प्रत्येक गाडीचे बॉनेट उघडून गिऱ्हाइकाला पत्रा दाखवल्याखेरीज सौदा होणार नाही. सुचवले सासूबाईंनी. सिस्टरांनी होकार दिला. दीर किल्ली टेबलावर ठेवून म्हणाला, “बरं.” दादा म्हणाले, “मलाही मान्य आहे.” मला कोणी विचारले नाही. नावाबद्दल माझा होकारच होता. सिस्टरांना सोडून जाण्याबद्दल विचारले असते, तर उत्तर देणे मला जड गेले असते.

सिस्टर सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातला पक्का दोरा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ते नाव स्वतःच्या हाताने कापून काढले, उरलेला डिंक पुसला आणि खालच्या आखूड सावलीवरून एकदा बोट फिरवले. मला बाजूला घेण्यासाठी त्यांनी किल्ली फिरवली. माझ्यातली बाई आपले वाक्य बोलली. सिस्टरांनी पहिल्यांदाच तिला उत्तर दिले नाही.

वाचकहो, माझे मागणे एवढेच आहे. पाठ वाचून थांबू नका, बॉनेट उघडा. आणि विचारलेल्या शब्दाला त्याच शब्दाने उत्तर मिळते आहे की नाही, ते नीट ऐका.

दादा मागोमाग फाटकापर्यंत आले होते. माझ्या खिडकीशी वाकून त्यांनी हलक्या आवाजात विचारले, “गाडीचं झालं. आपलं घरात सगळं तसंच राहील ना?”

सिस्टरांनी गिअर टाकला.

“तसंच राहील,” त्या म्हणाल्या. “तेच नाही.”

दादांनी मान डोलावली. तेही मान्य झाले.