म्हातारी काय म्हणते?

मी एक जुनी जीप आहे. 'होते' म्हणायची सोय नाही. मोडीत निघालेल्या गाडीचं कुणी ऐकत नाही, पण माझं अख्खं गाव ऐकतं, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. मित्रांनो, जवळ या. म्हणजे काठापर्यंतच या. माझ्या पोटात गाळ भरलाय, बोलायला वेळ लागतो.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. हातोड्याचे ठोके आणि ओल्या रंगाचा वास, एवढंच. मला ज्यांनी घेतलं ते काका नदीपलीकडच्या दगडखाणीत माणसं आणि सामान पोचवायचे. नदीला पूल नव्हता. आजही नाही. पुलाची जागा बघायला आलेल्या साहेबांना मीच पलीकडे नेलं आणि मीच परत आणलं. ते गेले ते गेलेच.

नदीत शिरण्याआधी काका खाली उतरायचे. हातात बांबू घेऊन पाण्यात चालत जायचे, तळ चाचपायचे, परत येऊन माझ्या बॉनेटवर थाप मारायचे. "चल गं बाई." मग मी निघायची. मी एकदाही बुडाले नाही. लोक माझं कौतुक करायचे, मला हार घालायचे. खरं कौतुक बांबूचं होतं. पण बांबूला हार कोण घालतो?

पुढे काकांचे गुडघे गेले आणि माझा गिअर अडायला लागला. पुतण्याने नवी जीप आणली. उंच, काळी, काचा आपोआप वरखाली होणारी.

"काका, आता हिला भंगारात घाला. फार तेल पिते."

"तुझ्या बापाला घातलं का भंगारात?"

"बाबा तेल पीत नव्हते."

"तो काय पीत होता ते मला सांगू नकोस."

काकांनी मला भंगारात दिलं नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं. मिस्त्रीने माझं इंजिन उतरवून नेलं आणि काकांनी मला नदीच्या उतारावर, पाण्यात उभं केलं. वाहून जाऊ नये म्हणून मागे दगड भरले. मग सगळ्यांना सांगितलं, "हिचं बॉनेट दिसतंय तोवर गाडी बिनधास्त घाला. बॉनेट बुडालं की घरी जाऊन झोपा."

बांबू घरी गेला. पुतण्याच्या बायकोने तो अंगणात बांधून त्यावर कपडे वाळत घातले.

तेव्हापासून पलीकडे जाणारा प्रत्येक जण काठावर थांबून विचारायचा, "म्हातारी काय म्हणते?" आणि माझं बॉनेट बघून कुणीतरी हसत ओरडायचं, "या म्हणते!"

मी काहीच म्हणत नव्हते, मित्रांनो. मी गप्प उभी होते. माझ्या तोंडून नदी बोलत होती.

पुढे इंजिन नाही, मागे दगड. काय होणार? माझी मागची चाकं गाळात रुतत गेली आणि नाक वर येत गेलं. थोडं थोडं, कुणाला कळणार नाही असं. खाली पाणी वाढायचं आणि मी वरच दिसायची. आपलंच तोंड दुसरं कुणीतरी धरून वर करतंय, हे कसं वाटतं ते तुम्हाला कधी न कळो.

एका दुपारी पुराच्या गढूळ पाण्याने नदी लाल झाली. पलीकडे खाणीत एका कामगाराचा पाय दगडाखाली सापडला होता, त्याला आणायचं होतं. पुतण्या आणि त्याची बायको नव्या जीपमधून आले. काका काठावर बसले होते.

"उतरून बघा की जरा," बायको म्हणाली.

"कशाला? म्हातारी बघ, नाक वर करून उभी आहे."

"तेच म्हणते मी. एवढं नाक तिचं कधी दिसत नाही."

पुतण्याने काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "दिसतंय ना बॉनेट?" काका म्हणाले. "जा."

"मग मी नाही येत." ती रागाने खाली उतरली.

"बरं. येईपर्यंत चहा टाक."

माझ्याजवळून जाताना त्याने खिडकीतून हात काढून माझ्या बॉनेटवर थाप मारली, अगदी काकांसारखी. मी जीव खाऊन खाली दबायला बघत होते. पत्रा करकरला. त्याला वाटलं असेल, म्हातारी हसली.

नवी जीप पुढे गेली आणि दिसेनाशी झाली. मग तिचा हॉर्न पाण्याखाली आपोआप वाजायला लागला. बराच वेळ वाजला. काठावर ती नवऱ्याला हाका मारत होती, आणि प्रत्येक हाकेला खालून हॉर्न उत्तर देत होता.

तो सापडला नाही.

हल्ली काका पहार घेऊन येतात आणि माझ्या बॉनेटवर घाव घालतात. "खाली बस, म्हातारे! खाली बस!" माझा पत्रा चेपतो, नाक खाली जात नाही. लोक म्हणतात, काका खुळावले.

पाणी ओसरलं की नव्या जीपचं छत दिसतं. माझ्यापेक्षा खोल, मधल्या धारेत. त्याच्यावरही पक्षी बसू लागलेत. काल दूधवाला काठावर थांबला आणि त्याने विचारलं, "धाकटी काय म्हणते?"

मागून कुणीतरी हसत ओरडलं, "या म्हणते!"

मित्रांनो, अंगणातल्या बांबूवरचे कपडे काढा. बांबू घ्या आणि स्वतः पाण्यात उतरा. आम्ही बोलावतोय असं कुणी सांगितलं, तर त्याला आधी पाठवा.