जांभळ्या उजेडातला पंजा

मित्रांनो, मी एक जुनी टॉर्च आहे. थांबा, लगेच पान उलटू नका! वीज गेल्यावर तुम्ही शोधता, ती मी नव्हे. माझा उजेड जांभळा आहे, आणि इतका फिका की त्यात तुम्हाला स्वतःची पावलंसुद्धा धड दिसणार नाहीत. मी वाट दाखवत नाही. मी लपलेलं दाखवते.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका हाताने काच बसवली, दुसऱ्याने स्प्रिंग, तिसऱ्याने बटण, आणि मला खोक्यात निजवलं. खोक्यात आणखी दोघं होती: एक पिवळा चष्मा आणि रंगाची एक चिमुकली बाटली. गाडीच्या एसीमध्ये गॅसबरोबर थोडं तेल फिरत असतं. त्या तेलात हा रंग मिसळायचा. नळीला कुठे बारीकशी गळती असली, की तेलाबरोबर रंगही झिरपतो. दिवसाउजेडी तो कुणालाच दिसत नाही. पण अंधार करून माझा उजेड पाडा, पिवळा चष्मा लावा, की तो पोपटी हिरवा पेटतो! मांजराच्या डोळ्यांसारखा.

मला विकत घेतलं ते बाबांनी. तसे ते काही माझे बाबा नव्हेत, पण त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले. ते शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. तरुणपणी एका यंत्राने त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं टोक खाल्लं होतं. उरलेल्या साडेनऊ बोटांनी ते जगातली कुठलीही वस्तू उघडायचे, आणि विशेष म्हणजे परत बंदही करायचे.

बाबांना दोन सवयी होत्या. एक चांगली. काम झालं की माझं झाकण फिरवून दोन्ही सेल बाहेर काढायचे. "पोटात सेल ठेवून निजवली, तर आतून सडेल बिचारी," असं म्हणायचे. दुसरी सवय मात्र आईंना अजिबात खपायची नाही. बाबा हात पुसायचे नाहीत.

"अहो, आधी हात पुसा!" आई ओरडायच्या. "दाराला, उशीला, पोरीच्या वेणीला, जिथे बघावं तिथे तुमचे पंजे!"

"असू दे गं. हरवलो तर माग काढायला बरं," बाबा म्हणायचे.

किती मजेचे दिवस होते ते! गॅरेजचं शटर ओढून बाबा बॉनेटमध्ये डोकं घालायचे आणि लेक मला धरून उभी राहायची. माझ्या उजेडात तिचे दात निळे पांढरे चमकायचे आणि ती मुद्दाम भुतासारखी हसायची. "माझी गुप्तहेर," म्हणून बाबा मला थोपटायचे. त्यांनी नक्की कुणाला थोपटलं, यावर लेकीचं आणि माझं कधीच एकमत झालं नाही.

त्यांच्या गाडीचा एसी म्हणजे फुटकी घागर होती. दर उन्हाळ्यात कोपऱ्यावरचा मेकॅनिक गॅस भरायचा, आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा भट्टी. तेलात रंग मिसळूनही गळती आम्हाला सापडत नव्हती. शेवटी एका दुपारी बाबाच हट्टाला पेटले. एकटेच होते. मला दातात धरून ते बॉनेटमध्ये खोल वाकले, आणि बऱ्याच वेळाने पुटपुटले, "सापडलीस गं!"

सुट्या भागांच्या दुकानातून ते एक छोटीशी पुडी घेऊन आले. माझे सेल काढले. मला आणि पुडीला डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलं, आणि "उद्या करू" म्हणाले.

तो उद्या आलाच नाही, मित्रांनो. त्याच संध्याकाळी त्यांच्या छातीत कळ आली.

मग दीड वर्ष मी अंधारात, रिकाम्या पोटी पडून होते. आई अधूनमधून गाडी सुरू करून एसी लावायच्या, आणि तेव्हा मला तो आवाज ऐकू यायचा. टक. थोडं थांबून पुन्हा टक. जणू आतल्या बाजूने कुणी बोटाच्या पेराने डॅशबोर्ड वाजवतंय. आणि गाडी बंद केली, की माझ्या कप्प्यामागून एक लांब उसासा यायचा. हुस्स्स...

सुरुवातीला आई नुसत्याच बसून राहायच्या. एकदा त्यांनी अगदी हळू विचारलं, "अहो?"

आत पुन्हा उसासा. आई दार उघडं टाकून पळाल्या. त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत. बसने कामावर जायला लागल्या, आणि आपल्या भावाला, म्हणजे लेकीच्या मामांना, म्हणाल्या, "गिऱ्हाईक बघ. मला ती गाडी दारात नको."

मामांनी बघितलंसुद्धा. रविवारी पाच वाजता तो माणूस येणार होता.

त्या रविवारी भर दुपारी गॅरेजमध्ये आवाज चढले. लेकीचा आवाज मी लगेच ओळखला, जरा मोठा झाला होता इतकंच.

"आई, भूतबित काही नाही. गॅस कमी आहे! गॅस कमी असला की कॉम्प्रेसर टक करून लागतो आणि लगेच टक करून सुटतो. गाडी बंद केली की उरलेला गॅस हुस्स करतो. बाबांनी शिकवलंय मला."

"शेंबूड पुसता येत नाही, आणि निघाली एसी दुरुस्त करायला!" मामा म्हणाले.

"मामा, किक मारून मारून तुझा गुडघा गेला, पण स्कूटर अजून सुरू होत नाही. तू तर बोलूच नकोस!"

आई थकल्यासारख्या म्हणाल्या, "पाच वाजेपर्यंत काय करायचं ते कर. तो उसासा थांबला तर ठेवू. नाही थांबला तर गाडी जाईल, आणि मग रडायचं नाही."

लेक कामाला लागली. गाडीपुढची जाळी धुळीने बुजलेली नाही ना, बघितलं. पंखा फिरतोय ना, बघितलं. मग हवेचा फिल्टर काढायला तिने माझा कप्पाच सोडवला. फिल्टर धुळीने काळा झाला होता. आणि मांडीवर पडले मी, पाठोपाठ बाबांची पुडी! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

तिने शटर ओढलं, फटीला चादर लावली, पिवळा चष्मा घातला आणि माझं बटण दाबलं.

मी पेटले.

आधी मामांचे दात चमकले, आणि त्यांनी घाईने तोंड मिटलं. मग लेकीने मला बॉनेटकडे वळवलं. बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पंजा होता. पोपटी, लखलखीत, बोटं फाकलेला. त्यातलं एक बोट आखूड होतं.

"बाई गं..." मामा भिंतीला टेकले.

उन्हात असते तर ते ठसे कधीच उडून गेले असते. पण दीड वर्ष कुणी बॉनेट उघडलंच नव्हतं. लेकीने मला घट्ट धरून पुढे सरकवलं. दुसरा पंजा बॅटरीच्या कडेला होता. मग नळीवर तीन बोटं, मग खालच्या नळीवर दोन. जणू कुणी तळहातांवर चालत चालत खाली अंधारात उतरत गेलं होतं, आणि आम्ही त्याच्या मागोमाग जात होतो. सगळ्यात खाली, कॉम्प्रेसरच्या मागे, जिथे कुणी कधी वाकून बघत नाही अशा एका सांध्यावर अंगठ्याचा ठसा होता. आणि त्याच्याभोवती ओलं, ताजं हिरवं झिरपत होतं.

"आई," लेक हाक मारत नव्हती, कुजबुजत होती, तरी आई आल्या. त्यांनी बॉनेटवरचा पंजा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग आपला तळहात त्यावर टेकवला.

"हात पुसा म्हणून कानीकपाळी ओरडत होते मी," त्या म्हणाल्या. "ऐकतील तर शपथ."

मेकॅनिकला बोलावलं. तो यंत्र घेऊन आला, आणि आधी त्याने उरलेला गॅस यंत्रात ओढून घेतला. "आत गॅस असताना सांधा उघडायचा नाही, पोरी. बोटं गोठतील." मग लेकीने दाखवलेला सांधा बघून तो ओशाळला. "मी इतकी वर्षं वरचेच सांधे चाचपत राहिलो. इथे कधी वाकलोच नाही."

आतली रबरी कडी नखासारखी कडक झाली होती. बाबांच्या पुडीत नवी होती, आणि ती बरोब्बर बसली. मेकॅनिकने नळ्यांतली हवा ओढून काढली आणि मोजून गॅस भरला. मग म्हणाला, "आता जुना हिरवा रंग पुसायला हवा. नाहीतर नवी गळती कळायची कशी?"

"मी पुसते," आई म्हणाल्या. त्यांनी सांधा पुसला, नळ्या पुसल्या, एकेक बोट पुसलं. बॉनेटपाशी येऊन मात्र फडकं थांबलं.

"तो राहू द्या, ताई," मेकॅनिक दुसरीकडे बघत म्हणाला. "तिथून काही गॅस जात नाही."

शेवटची तपासणी करायला लेकीने पुन्हा माझं बटण दाबलं. मी पेटले नाही. तिने मला हलवलं, हातावर आपटलं, मग माझं झाकण फिरवलं.

आत सेल नव्हते.

"मामा, तू काढलेस?"

"मी कशाला हात लावतोय!" मामा म्हणाले, आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. आईंनीही 'मी नाही' अशी मान हलवली.

तुम्ही मला विचाराल, मग तू पेटलीस कशी? पण मित्रांनो, दिव्याखाली अंधार असतो तो असा. माझं पोट रिकामं आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मला आठवतो तो बटणावर पडलेला लेकीचा अंगठा. आणि त्या अंगठ्यावर हलकेच टेकलेलं आणखी काहीतरी. टोक नसलेलं.

टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून माझ्यात घातले. सांधा कोरडा ठणठणीत होता. लेकीने गाडी सुरू करून एसी लावला. एकदाच टक झालं, आणि मग गार वाऱ्याचा एकसारखा झोत आला. तिने गाडी बंद केली.

उसासा आला नाही.

आईंनी आणखी थोडा वेळ कान देऊन पाहिलं. मग शटर वर केलं. पाच वाजता तो माणूस आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "चहा घ्या. गाडी विकायची नाहीये."

लेकीने माझे सेल काढले, मला कप्प्यात ठेवलं आणि तशाच तेलकट बोटांनी दार लावलं.

"अगं, आधी हात पूस!" आई ओरडल्या. दीड वर्षाने ओरडल्या, आणि स्वतःच दचकल्या.

मित्रांनो, माझं ऐका. फुटक्या घागरीत पाणी ओतत बसू नका, आधी भोक शोधा. काम झालं की आमच्या पोटातले सेल आठवणीने काढून ठेवा. आणि कधी एखादी रिकामी टॉर्च तुमच्या हातात पेटलीच, तर टाकून पळू नका. तिचा उजेड कुठे पडलाय, तेवढं बघा.