मामांच्या गाडीची टकटक

इंजिन सुरू झालं आणि मामांनी डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात खालून आवाज आला. टक, टक, टक.

"हे काय?" मामांनी डोळे उघडले. हात जोडलेलेच.

"मामा, तुमच्या भाचीला सांगा," बॉनेटपलीकडून बारक्या म्हणाला, "खालचं बेअरिंग वाजतंय. इंजिन पुन्हा उतरवा आता."

"मामा, तुमच्या भाच्याला सांगा," अलीकडून ताई म्हणाली, "ते बेअरिंग मी माझ्या हातानं बसवलंय. वाजायचं नाही."

दोघं सख्खे बहीण-भाऊ, गॅरेज दोघांचं, आणि सध्या दोघांचा अबोला. कारण काय, तर या गाडीच्या सीटचा रंग! माणसाला भांडायला देवानं किती बारीक बारीक निमित्तं दिली आहेत, बघा.

गाडी मामांची, लग्नाच्या वर्षी घेतलेली. किती वर्षं शेडमध्ये धूळ खात पडली होती. मामी हॉस्पिटलात अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मामांनी त्यांच्या उशाशी बसून शब्द दिला होता, "तू बरी हो. आपल्याच गाडीतून घरी नेतो तुला." मामी बऱ्या झाल्या. आज दुपारी त्यांना घरी सोडणार होते. आणि गाडी टकटक करत होती.

"दुसरी गाडी बोलावू या, मामा," बारक्याचा आवाज मऊ झाला. "बेअरिंग असेल तर रस्त्यात इंजिन जाम होईल. मामींना भर रस्त्यात उतरवायचं का?"

मामा इस्त्रीच्या सदऱ्याची बाही उगीचच सारखी करत राहिले.

"मामा, तुम्ही स्टुलावर बसा," ताई म्हणाली. "आधी ऐकू तर द्या मला."

ताईचं ऐकणं म्हणजे ऐकणं. भजनात टाळ धरणारा जसा गाणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता बरोबर समेवर येतो, तसे तिचे कान. तिनं चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या आणि परत लावल्या. दर वेळी इंजिन लंगडलं, पण टकटक होती तशीच राहिली.

"खालचं बेअरिंग असतं, तर त्या सिलिंडरचा जोर काढल्यावर आवाज दबला असता," ती मामांना म्हणाली. ज्यानं ऐकायचं, तो पलीकडे ऐकत होताच.

मग तिनं ठिणगीबरोबर उघडझाप करणारा दिवा पहिल्या प्लगला जोडला. दिवा लुकलुकला की टक. लुकलुकला की टक. एकही ठोका चुकत नव्हता.

"खालचा दांडा दोन वेळा फिरतो, तेव्हा ही ठिणगी एकदा पडते. म्हणजे आवाजही दोन फेऱ्यांत एकदाच. खालचा नाहीच तो. अर्ध्या चालीनं फिरतो तो वरचा दांडा, कॅमशाफ्ट, आणि त्याच्यावर जे जे चालतं त्यातलं काहीतरी वाजतंय."

बारक्या आता अलीकडे आला होता. दिव्याकडे बघत, अगदी नाइलाजानं पुटपुटला, "पेट्रोलचा पंप."

"मग काढ की! हात काय मामांचे वापरायचे?"

त्यानं पंप सोडवला, पेट्रोलची नळी बंद केली आणि पंपाच्या भोकावर पत्र्याची पट्टी आवळली. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालणार होतं. ताईनं चावी फिरवली.

टकटक गेली! गुरगुर तेवढी राहिली, पोट भरलेल्या मांजरासारखी. मामा स्टुलावरून उठून उभे राहिले.

"आता पंपात काय बिघडलंय?" ताईनं पंप हातात घेतला. त्याच्या तोंडाला जाड पॅकिंग चिकटवलेलं होतं. तिनं वाकून इंजिनाकडे पाहिलं. तिथंही एक, तसंच.

त्यांच्या गॅरेजात वडिलांनी घालून दिलेली शिस्त होती: बसवणारा एक, आवळणारा दुसरा, म्हणजे प्रत्येक कामावरून दोन नजरा फिरतात. नजरा फिरल्या होत्या, पण तोंडं बंद होती.

"मी इंजिनाला लावलं होतं," बारक्या म्हणाला.

"आणि मी पंपाला. मला वाटलं, तू विसरलास."

"विचारायचं ना!"

"कुणाला? तुला?"

"दोन पॅकिंगांमुळे पंप जरा बाहेर राहिला," बारक्यानं कपाळावर हात मारला. "त्याचा दांडा ढिला पडून आपटत होता."

मामांना हसू आवरेना. "अरे, इंजिनाला काही झालं नव्हतं तर! आजारी तुम्ही दोघं होता!"

एक पॅकिंग खरवडून काढलं. पंप ताईनं बसवला, बारक्यानं आवळला. पुन्हा चावी फिरवली. टकटकीचा मागमूस नव्हता.

दुपारी मामींना धरून पुढच्या सीटवर बसवलं. भाचा-भाची सामानासकट मागे. मामा दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून, कान इंजिनाकडे लावून, गाडी इतक्या हळू नेत होते की एक सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला.

मामींनी त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, बरी झालेय मी. काचेची नाही. चालवा की!"

मामांनी गिअर बदलला आणि ॲक्सिलरेटर दाबला.