दहा सेकंद मागे

मी बोलतोय, घड्याळदुरुस्तीच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर. आवाज घरघरतो, त्याबद्दल माफ करा, पंखा थकलाय.

माझी उमेदीची वर्षं एका कचेरीत पत्रं टाइप करण्यात गेली. नवे कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी झाली या दुकानाच्या माळ्यावर. तीन वर्षं धूळ खात पडलो. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

मग दुकानाचे मालक, वरच्या मजल्यावर राहणारे म्हातारे घड्याळजी जिन्यात पडले. खुब्याचं हाड मोडलं. दुकान सांभाळायला त्यांची एकटी मुलगी उरली. तिच्या हातात कसब होतं, पण बापाला पटेल तर शपथ!

"महिनाभर बघतो. एक जरी घोळ घातलास, तर दुकानाला कुलूप."

"बघा ना. पलंगावरूनच बघा!"

तिने मला पुसलं, कामाच्या टेबलावर मांडलं, डोक्यावर कॅमेरा बसवला. घरातल्याच वायफायवरून माझं चित्र वर त्यांच्या टॅबलेटवर जायचं. बाहेर कुणाला पत्ताही नाही. खोट एकच. माझ्या वयामुळे चित्र दहा सेकंद उशिरा पोचायचं. घड्याळजीच्या घरात मीच मागे! आणि हे बापाला सांगायला ती साफ विसरली.

एका सकाळी भिंतीवरचं मोठं घड्याळ दुरुस्तीला आलं. आत गच्च आवळलेली स्प्रिंग. आधी तिचा ताण सोडायचा, मगच स्क्रू काढायचे. नाहीतर ती उसळून बोटं फाडते. आणि मुलीने स्क्रूड्रायव्हर थेट स्क्रूला लावला! मला धडकीच भरली. दिसत होतं सगळं, पण ओरडणार कसा?

तोच ती थबकली. जीभ चावली. चावी घेऊन ताण हळूहळू सोडू लागली. हुश्श!

तेवढ्यात वरून आरोळी आली, "अगं थांब! स्प्रिंग! बोटं जातील!"

"कधीच थांबलेय, बाबा! तुम्हाला उशिरा दिसतंय!"

मग त्यांच्या टॅबलेटवरही ती थांबली. त्यांचा सुटलेला सुस्कारा खालपर्यंत ऐकू आला.

महिना संपला. ते काठी टेकत खाली आले, माझ्याशेजारी बसले.

"नवा कॉम्प्युटर घेऊ का?" तिने विचारलं. "लगेच दिसेल."

"नको. माझ्या ओरडण्याआधी तुला सुचतं, हे मला यानेच दाखवलं."

दुकानाच्या किल्ल्या त्यांनी तिच्यापुढे ठेवल्या आणि कुलपाचा विषय पुन्हा काढला नाही.

मीही निश्चिंत झालो. आता तिच्याकडे मागणं एवढंच: अधूनमधून पंख्यावरची धूळ पुसत जा. घाई नाही, दहा सेकंद उशीर झाला तरी चालेल.