रिकाम्या रस्त्याचा दिवस

आमच्या यांचं नाव खुशाल. मी ते तोंडाने कधी घेतलं नाही, इथे लिहावं लागतं म्हणून लिहिलं. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी, राहायला क्वार्टर, दारासमोर फॅक्टरीची बस. पण या गृहस्थाला सायकलच हवी. रोज पुसायची, तेल घालायचं, चाक उगाच फिरवून कान लावून ऐकायचं. मी म्हणायची, "सवत आणून ठेवली बाप्पा घरात!" ते हसायचे आणि आणखी घासायचे.

सुट्टी आली की मला कॅरियरवर बसवून निघायचं. कधी पवनीकडे, वैनगंगेच्या काठाकाठाने, कधी सूर नदीच्या बाजूला. चढ आला की मी उतरून मागून ढकलायची, उतार आला की पुन्हा बसायची. "लोकाचे नवरे बायकोले सिनेमाले नेतेत, तुमी ढकलाले नेता," असं मी शंभरदा म्हटलं असेन. पण खरं सांगते, मलाही ते आवडायचं. घरात तोंडातून शब्द न काढणारा हा माणूस सायकलवर बसला की पोपटासारखा बोलायचा.

त्यांचा एकच वैरी होता, ट्रक. फॅक्टरीजवळच्या शहापूरच्या हायवेवर मागून हॉर्न वाजला की सायकल खाली धुळीत उतरवायची आणि ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. "एक रस्ता असा पायजे सुलोचने, जिथी आपल्याबिगर चाक नाही," हे त्यांचं स्वप्न.

आणि तो रस्ता त्यांना सापडला. साकोलीला माझी नणंद चंद्रभागा राहायची. तिच्याकडे गेलो असताना हे एकटेच सायकल घेऊन गायखुरीच्या डोंगराकडे गेले आणि संध्याकाळी हरखून परत आले. जंगलातला रस्ता खिंडीपर्यंत चढत जातो, पलीकडे खाली नदीचं खोरं दिसतं; हे खिंडीतूनच मागे फिरले होते. आणि जाता-येता एक ट्रक नाही, एक बैलगाडी नाही, साधी सायकलसुद्धा नाही! पुढे महिन्याभराने पुन्हा गेले, तर तोच रस्ता ठेकेदाराच्या लाकडाच्या ट्रकांनी भरलेला. मग कॅलेंडर काढून बसले. पहिल्यांदा गेले तो दिवस पौषातल्या अमावास्येचा होता. "तोच दिवस आपला. पण कोणाले सांगू नको, नाही तर जत्रा भरन तिथी," म्हणाले. तो दिवस रिकामा का, हे काही त्यांनी कोणाला विचारलं नाही. फुकटचं मिळालं की माणूस कुठे विचारतो?

पुढच्या वर्षी, अठ्ठ्याहत्तर सालच्या पौष अमावास्येला आम्ही दोघं निघालो. चंद्रभागेलाही नीट सांगू दिलं नाही. "पावण्याकडे जाऊन येतो," एवढंच.

रस्ता खरंच रिकामा होता. थंडी होती, दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मग साग, मग बांबू. कोंबड्याची बांग दूरवर ऐकू यायची आणि जवळ फक्त आमच्या चाकाचा आवाज. हे रस्त्याच्या मधोमध सायकल चालवत होते, नागमोडी, लहान पोरासारखे. मी ओरडले तर म्हणाले, "अवो, रस्ता आपल्या बापाचा हाय आज!"

खिंडीत पोचलो. खाली खोरं, नदीची वाळू, कौलांचं एक गाव. उतार पाहून मी कॅरियरवर बसलेच नाही. "मी पायी येतो, तुमी व्हा पुढं," मी म्हटलं. त्यांना तेच हवं होतं. ब्रेक सोडून दिला आणि दोन्ही हात वर करून गेले. वळणाआड दिसेनासे झाले तरी त्यांचं हसणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

वळणापलीकडे रस्त्यावर सागाचं एक लाकूड आडवं टाकलेलं होतं. हळद लावलेलं, वर आंब्याची पानं. सायकल एकीकडे, हे एकीकडे. मांडी नको तिथे वाकलेली होती. शुद्धीत होते. मला पाहून म्हणाले, "काट्याची पार वाट लागली वो." काटा म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा. मांडीबद्दल अक्षर नाही.

माझ्या बोंबलण्याने गावातली माणसं धावत आली. कवडू म्हणून एक म्हातारा सगळ्यांच्या पुढे होता. त्याने आधी यांच्याकडे पाहिलं, मग त्या लाकडाकडे, आणि डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

"आज चाक फिरवत नाही आमी, माय," तो म्हणाला. "वर्षभर चाक आमच्यासाठी मरते. पौषातल्या अवसेले त्याले उसंत असते. साऱ्या खोऱ्यात. मीच टाकलं ते लाकूड, पहाटे. कोणी येत नाही ना आज, कोणाले आडवाचं हाय असं मनातबी नव्हतं."

मी अंगावर धावून गेले. "माणसापेक्षा चाक मोठं का तुमचं? जुपा गाडी!"

तो बिचारा खरंच गोठ्याकडे वळला होता. पण त्याची बायको रुखमा यांच्या पायाशी बसली होती, ती म्हणाली, "बाई, रागवू नको. गाडी हिसके देते, हे हाडूक मांस फाडन. खांद्यावर नेऊ दे. माणसाच्या पायाले बंदी नाही." तिने पायाला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही लावला. दुसरा पाय घामाने ओला होता आणि हा थंड, मातीच्या घड्यासारखा.

"ट्रक?" मी विचारलं.

कवडूने मान हलवली. "रोज ट्रकामागं ट्रक जाते माय. आज भराले मजूरच जात नाही, तर ट्रक कायले येईन? मागं एक ड्रायव्हर आजच्या दिवशी आत आला होता, तो घाटात उलटला. तवापासून तेबी पाळतेत."

बाजेवर घातलं आणि चौघांनी उचललं. नत्थू नावाचा एकजण हायवेवर गाडी थांबवून ठेवायला पुढे पळत गेला. मी बाजेला धरून चालत होते. तोच रस्ता, तोच चढ, तेच बांबू. खिंडीपर्यंत चढताना माणसांच्या छातीचा भाता ऐकू यायचा. पुढच्या गावची माणसं काही न विचारता खांदा द्यायला आली, त्यांच्या पुढची त्यांच्या पुढे. सगळे खांदे बदलत होते, एकटा कवडू बदलत नव्हता. कोणी "सोड बुढ्या" म्हटलं तर ऐकू न आल्यासारखा चालायचा. त्याच्या खांद्यावरचा सदरा रक्ताने भिजला, पण मला त्याची दया करायलाही सवड नव्हती. माझा हात त्या पायावर होता. चोळत होते, पदराने गुंडाळत होते. तो तापेना. आधी थंड घोट्यापर्यंत होता, मग पोटरीपर्यंत आला. मी फक्त एवढंच मोजू शकत होते की थंडी किती वर आली.

हे सारखे डोकं उचलायचे. "मागून काही येऊन राहिलं का वो?"

"येऊन राहिलं," मी म्हणायची.

"मंग हॉर्न काहून नाही वाजवून राहिला?"

जन्मभर ज्या आवाजाला शिव्या दिल्या, तो आवाज तो माणूस कान देऊन शोधत होता. आणि रस्ता चिडीचूप. कोंबड्याची बांगसुद्धा नाही. इतका सुंदर रस्ता मी पुन्हा पाहिला नाही आणि इतका राग मला कशाचा आला नाही. कोणावर काढायचा तो राग? माणसं जीव तोडून चालत होती. दोष द्यायला कोणी सापडलं असतं तर बरं झालं असतं.

हायवेला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. नत्थूने थांबवून ठेवलेल्या ट्रकनेच आम्हाला भंडाऱ्याला आणलं. सरदारजी सबंध रस्ता हॉर्नवरचा हात न काढता चालवत होता. यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि मला वाटतं, ते समाधानाने मिटले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय पाहिला, मग घड्याळ पाहिलं. सकाळीच आला असतात तर, म्हणाले, आणि वाक्य पुरं केलं नाही. पाय मांडीतून काढावा लागला.

जीव वाचला, नोकरी राहिली. फॅक्टरीने बसून करायचं काम दिलं. सायकल मोहटोल्यातच, म्हणजे कवडूच्या गावातच राहिली. मी ती आणायला कोणाला जाऊ दिलं नाही आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही.

क्वार्टर शांत होतं, तेच यांना सोसेना. शेवटी शहापूरला खोली घेतली. गावात आतली चांगली खोली मिळत होती, यांनी हायवेला लागून असलेली पसंत केली. भिंती हादरतात, भांड्यांवर धूळ बसते. संध्याकाळी कुबड्या भिंतीला टेकवून हे ओट्यावर बसतात आणि ट्रक पाहतात. हॉर्न वाजला की मान डोलावतात. मी चिडवते, "नवीन सवत आली बाप्पा!" पण आता ते हसत नाहीत.

परवा कोणत्यातरी मोर्च्याने चक्का जाम केला. दुपारपासून हायवे ओस. शेजारपाजारची पोरं रस्त्यावर विटी-दांडू खेळत होती, बायका म्हणत होत्या, किती बरं वाटतं नाही! मी आत भात टाकला होता. बाहेर येऊन पाहते तर ओट्यावर हे नाहीत.

हायवेच्या मधोमध कुबड्यांवर उभे होते. एकदा भंडाऱ्याकडे पाहायचे, एकदा नागपूरकडे. मी धावत जाऊन हात धरला.

"सुलोचने," ते म्हणाले, "कोणीच काहून नाही येऊन राहिलं वो?"

"येऊन राहिलं," मी म्हटलं.