सोनाबाईचा वाटा

सोनाबाई पाण्याची कळशी आणायला परसात गेली, तशी पोपटनं संधी साधली. खेकड्याच्या रश्श्याचा एक डाव त्यानं तिच्या वरणाच्या वाटीत ओतला, बोटानं ढवळलं आणि साळसूदपणे आपल्या ताटाशी येऊन बसला.

समोर त्याची थोरली बहीण चिंधी होती, दहिवलीहून सहज आलेली. तिनं सगळं पाहिलं.

“ह्ये काय रं केलंस?”

“गप गं आक्का. इतकी वरसं झाली, हिचं सोवळं सुटत नाय. एकदा जिभेला चव लागू दे, मंग बघ.”

त्यात वाईट हेतू काडीचा नव्हता. त्याला एकट्यानं खाणं जिवावर यायचं. पूर्वी बांधावरचे खेकडे धरून आणले की नांग्या कोण फोडणार यावरून दोघांची भांडणं होत, आणि जिंकायची ती. आता ती त्याला झणझणीत रांधून घालायची आणि स्वतः वरण-भाकरी घेऊन बाजूला बसायची. रश्श्याचं मीठसुद्धा चाखायची नाही. विचारलं तर ‘मन नाय होत’, एवढंच. कुणातरी बुवाच्या नादी लागली असणार, अशी पोपटची पक्की समजूत होती.

चिंधीनं पुढ्यातलं ताट सरकवलं.

“तुज्या घशाचं आपरेशन झालं, नळीनं पेज घालत व्हते तुला, आठवतंय? तवा ती माज्यासमोर देवीला बोलली. ‘ह्यांना पुन्हा माज्या हातचं पोटभर खाऊ दे, माजा वाटा मी सोडते.’ नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणून गप ऱ्हायली बिचारी. मी पण आज तोंड उघडलं ते तुज्यापायी.”

पोपटचा घास हातातच राहिला.

सोनाबाई आली, कळशी टेकवून बसली. वरणाची वाटी जवळ ओढायला तिचा हात पुढं झाला, तोच पोपटनं झडप घालून तिची वाटी उचलली आणि दारातून बाहेर भिरकावली.

“अवो, काय झालं?”

“पाल पडली वरणात. मी बघितली.”

सोनाबाईनं वर वाशांकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे, जरा जास्तच वेळ.

“बरं झालं बघितलीत,” ती म्हणाली आणि भाकरीवर चटणी घेऊन पुन्हा बसली.

आजपासून मीही सोडलं, असं सांगून टाकावं म्हणून पोपटनं तोंड उघडलं. पण सोनाबाईची भाकरी अजून अख्खीच होती. ती त्याच्या हातातल्या घासाकडे बघत होती. ती रोजच अशी बघत असणार. त्याचा पहिला घास घशाखाली उतरल्याशिवाय ती भाकरी मोडत नाही, हे इतक्या वर्षांत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्यानं घास तोंडात घातला. गिळवत नव्हता, तरी गिळला. सोनाबाईनं भाकरी मोडली.

“रस्सा वाढ गं अजून,” पोपट म्हणाला आणि पोटभर जेवला.