आधी ऑईल, मग चावी

"सांग तुझ्या बापाला, तिकडचा जॅक अजून चढव म्हणावं."

काका व्हॅनच्या खाली, बाबा व्हॅनच्या शेजारी, दोघांत हातभर अंतर आणि मध्ये मी. मी म्हटलं, "बाबा, जॅक चढव." बाबा म्हणाला, "ऐकलंय मी. चढवतोय म्हणावं त्याला." "काका, चढवतोय." "ऐकलं."

हसू नका गं, आमच्या गॅरेजात असंच चालतं. बाहेर दोन शटर, आत जागा एकच. काका ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून नव्याने बांधतात, बाबा ते गाडीत चढवतो, इंजिनं बघतो. सख्खे भाऊ, एका नळाखाली हात धुतात, आणि एकमेकांशी शब्द नाही. कारण काय, तर ऑईल.

आता बघा, नव्याने बांधलेला बॉक्स आतून कोरडा ठणठणीत असतो. त्याला आधी ऑईल पाजायचं. पुढचं ते इंजिनाला जोडायचं भोपळ्याएवढं कन्व्हर्टर भरून घ्यायचं, ते बसवलं की नळीतून बॉक्समध्ये ओतायचं, आणि मगच चावी. इंजिन चालू झालं की उरलेलं हळूहळू. कोरड्यावर चावी मारलीत तर आतलं सगळं जळून खाक. मी कॉलेजात असताना एका डॉक्टरीणबाईंची गाडी आली होती. काकांना वाटलं बाबाने भरलं, बाबाला वाटलं काकांनी भरलं. असा आवाज आला म्हणतात, की समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच धावत आला. मग दोघं एकमेकांना बोलू नये ते बोलले आणि त्यानंतर बोलणंच संपलं. लोकांनी मात्र दोष काकांनाच दिला, बॉक्स त्यांनी बांधला होता ना. तेव्हापासून त्यांच्या बाकावर निम्मा वेळ नुसतं फडकं अंथरलेलं असतं.

म्हणून मी शाळेची मुलं नेते त्या व्हॅनचा गिअरबॉक्स बसला तेव्हा बाबाने मला बाजूला घेतलं. "दुसरीकडे टाकू या," म्हणाला. मी म्हटलं, काकाच बांधणार. म्हटलं खरं, पण मुलांच्या आया रोज फोन करत होत्या, सोमवारी व्हॅन नसेल तर आम्ही दुसरी बघतो. आणि हेही जळलं असतं ना, तर व्हॅनचं सोडा, काकांनी पुन्हा पान्याला हात लावला नसता. इतके घाबरले होते ते. एकेक वॉशर पुसून ठेवायचे आणि पुन्हा उचलून पुसायचे.

तर शनिवारी सगळं चढलं, व्हॅन खाली उतरवली. काकांनी चावी माझ्या हातात दिली. "तू मार."

"तुम्ही मारा की."

"नको." आणि शटरपाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. बाबा टायरकडे बघतोय. टायरला काय झालं होतं?

मी म्हटलं चावीआधी ऑईल तरी बघते. बॉक्समधलं ऑईल मोजायची पट्टी ओढली, तर अर्धी पट्टी लाल ऑईलने माखलेली, खूण पार बुडालेली. इंजिन बंद असताना पट्टी थोडं जास्तच दाखवते, तेवढं मला कळतं, पण इतकं? एवढ्या ऑईलचा आत नुसता फेस झाला असता.

"ऑईल कोणी भरलं?"

"मी," काका पाठमोरेच म्हणाले. "सकाळी."

बाबाच्या कानाच्या पाळ्या लालबुंद.

"बाबा?"

"मी पण. दुपारी."

काका रिकामे डबे कधी पडू देत नाहीत, लगेच मागे नेऊन टाकतात. मग बाबाला कळणार कुठून? विचारायचं तर तोंड उघडायला हवं. मला तर हसू फुटायला आलं होतं, तेवढ्यात काका वळले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ बाबाकडे.

"तू कशाला भरलंस?"

सांग तुझ्या बापाला नाही, काही नाही. मी दातांखाली ओठ धरला.

"तू विसरला असलास तर, म्हणून," बाबा म्हणाला.

"मग त्या गाडीच्या वेळी का नाही भरलंस असं गुपचूप?" आवाज चढलेला नव्हता हो, अगदी साधा. "तेव्हाही भरायचं होतंस."

बाबाने फडक्याला हात पुसले. हात स्वच्छच होते. "तेव्हा कशाला भरीन, दादा? तू काम केलंयस का नाही, हे बघायची वेळच कधी आली नव्हती माझ्यावर."

मी पट्टी धरून तशीच उभी, ऑईल माझ्या बुटावर ठिबकतंय.

मग काका म्हणाले, "टब सरकव खाली." बाबाने सरकवला. काकांनी खालचा बोल्ट सैल करून जास्तीचं काढलं, बोल्ट आवळला, उठले आणि माझ्या हातातली चावी घेऊन स्वतःच सीटवर बसले. बसून राहिले जरा. मग मारली.

आधी बारीकसं कण्हल्यासारखं झालं आणि मग एकदम गुळगुळीत आवाज.

"पट्टी?" काकांनी आतून विचारलं.

माझ्याकडून पट्टी घेऊन बाबाने बघितली. "ऑईल खुणेखाली गेलं."

"ओत."

"ओततोय."

काकांनी ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर मागे घेतला, पुढे घेतला. अंग चोरून बसलेल्या माणसाने कूस बदलावी तशी व्हॅन हलली.

"बस?" बाबाने विचारलं.

"बस."

झालं की. पट्टी बरोबर खुणेवर, मी स्वतः बघितली. पण काकांनी लिव्हर परत सगळीकडून फिरवला. "आता बघ."

बाबाने पट्टी काढली, पुसली, घातली, काढली. "खुणेवर."

"जरा गरम होऊ दे. मग बघ."

"बघतो." थोड्या वेळाने, "खुणेवरच आहे, दादा."

"असू दे. परत बघ."

बाबाने परत पट्टी पुसायला घेतली. मला आयांना फोन करायचे होते, व्हॅन धुवायची होती. मी बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसून राहिले.